ताईची बाजू

मंगळवार, ४ मार्च

कॉम्प्युटर मी मारला. आधी हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे शब्द फिरवायला नकोत.

झालं असं — सकाळी प्रिंटरचा बिघाड काढायला कॉम्प्युटरवरची ताईची बाजू उघडली. कोपऱ्यात लाल ठिपका. अपडेट आलंय म्हणून सांगणारा. कितीतरी दिवस तो तिथे होता आणि ताईला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटतं. कपाटाचं दार दोन मिलिमीटर तिरकं असलं तरी मला रात्रभर दिसत राहतं. मी दाबला ठिपका. स्क्रीनवर आलं, अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. मी म्हटलं, नाही करत.

तेवढ्यात हॉस्पिटलची वेळ झाली. ताई चपला घालून दारात. "तुझं आवरतंय का, की थेट ऑपरेशनच्याच दिवशी निघायचं?" मी खिसे चाचपले, किल्ली घेतली, खिडकी लावली, आणि बाहेर पडताना मेन स्विच खाली केला. घराचा. इस्त्री चालू राहून टेबल जळालं होतं तेव्हापासून ताईचा कायदा आहे — शेवटी बाहेर पडेल त्याने मेन स्विच बंद करायचा. फ्रिजची लाइन तेवढी वेगळी. इतकी वर्षं हात आपोआप जातो. आजही गेला.

परत आलो. स्विच वर केला. कॉम्प्युटर चालू केला तर नेहमीसारखं विचारलं, कुठली बाजू? वरची ताईची, खालची माझी. ताईची निवडली. काळा पडदा आणि पांढरी इंग्रजी अक्षरं. मग काहीच नाही.

ताईला सांगितलं नाही. ती दमून झोपली होती. हे कारण पुरेसं आहे असं सध्या मानतो.

बुधवार, ५ मार्च

तीच ओळ. कर्नल पॅनिक. कर्नलच घाबरला म्हटल्यावर मी शिपाईगड्याने काय करायचं.

बंद केला, चालू केला. पुन्हा कर्नल. वायर काढून झटकून लावली. कर्नल. मग माझ्या बाजूला गेलो. माझी बाजू ठणठणीत. सुतारांना काढून दिलेली कपाटं, ओटे, जिन्याखालचे खण, सगळं मिलिमीटरला जागेवर. इतकं वाईट वाटलं की लगेच बंद केली.

डोकं ताळ्यावर राहावं म्हणून लिहितो. कॉम्प्युटर एकच, पण त्याच्या पोटात दोन वेगळी घरं आहेत. एका वेळी एकाच घरात जाता येतं. खालचं माझं, ड्रॉइंगचं. वरचं ताईसाठी तिच्या मुलाने, माझ्या परदेशातल्या भाच्याने, गेल्या वेळी आला तेव्हा घालून दिलं, कारण आवाज रेकॉर्ड करायचा त्याच्या भरवशाचा प्रोग्राम त्याच बाजूला चालतो. सकाळ-संध्याकाळ मी, दुपार ताईची.

ताईचं ऑपरेशन २४ तारखेला आहे. स्वरयंत्र काढणार. त्यानंतर आवाज नाही. घोगरा नाही, बारीक नाही — नाहीच. म्हणून आधी तिने आपल्या आवाजात खूप वाक्यं वाचून ठेवायची, त्यावरून तिच्यासारखा आवाज बनवतात, मग ती फोनवर टाइप करेल आणि फोन तिच्या आवाजात बोलेल. हे हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं. दोन महिने ती रोज दुपारी दार लावून बसत होती. ते सगळे दोन महिने त्या वरच्या घरात आहेत. आणि दार मी मोडलं.

गुरुवार, ६ मार्च

माझ्या घरातून तिच्या घरात जाता येईल का, असा विचार केला. भिंत एकच तर आहे मध्ये. शोधत शोधत तिची जागा सापडली. तिच्यावर क्लिक केलं. खिडकी उघडली — "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. फॉरमॅट करायची आहे का?" खाली दोन बटणं. त्यातलं 'करा' आधीच निळं करून ठेवलेलं.

इतक्या आदबीने घर पाडायची परवानगी माझ्याकडे कुणी मागितली नव्हती. माउसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने उठून भाच्याला फोन लावला. त्याच्याकडे निजायची वेळ होती.

"मामा, तू 'करा' म्हणालास?"

"नाही."

"नक्की?"

"अरे नाही म्हटलं ना."

तिकडे त्याने श्वास सोडलेला ऐकू आला. मग त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "बॅकअप?" आजाऱ्याची चौकशी करावी तसं. मी म्हटलं, तुला माहीत. तो म्हणाला, "आईला दर रविवारी पाठव म्हणून सांगितलं होतं. ती म्हणायची, नेट स्लो आहे." नेट आमचं बरं आहे, पण ताईला पाठवायबिठवायचा कंटाळा. एक अख्खं वर्ष तिने फोनचा अलार्म बंद करायला मला हाक मारलेली आहे.

"आईला सांगितलंस?"

"तू सांग."

"मामा, मेन स्विच तू बंद केलास."

मुद्दा बिनतोड होता. शेवटी ठरलं की तो मार्ग काढेल, तोवर मी कशालाही हात लावायचा नाही. कशालाही म्हणजे कशालाही, असं तो तीनदा म्हणाला.

शुक्रवार, ७ मार्च

कशालाही हात लावला नाही.

शनिवार, ८ मार्च

हात लावला. म्हणजे कॉम्प्युटर पिशवीत घालून दुकानात नेला. ताईला म्हटलं, आत धूळ बसलीय, साफ करून आणतो. ती म्हणाली, "तुझ्या डोक्यातली पण काढून आण."

दुकानदार जेवत होता. डबा बाजूला सारून त्याने कॉम्प्युटर लावला, कर्नलकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "हे कोणी घातलंय तुम्हाला? दोन-दोन कशाला? एक काय कमी पडत होतं?" मी म्हटलं, भाच्याने. तो म्हणाला, "भाचे लोक घालतात आणि निघून जातात." मग म्हणाला, "संध्याकाळी या. सगळं उडवून नवीन टाकून देतो. मख्खन चालेल."

"सगळं म्हणजे?"

"सगळं."

"आत माझ्या बहिणीचा आवाज आहे."

त्याने मान वर केली. गाणी म्हणतात का ताई, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, गाडी शिकवायच्या. त्याला काही कळलं नाही, मलाही पुढे सांगवेना. मी वायरी काढायला लागलो तसा तो म्हणाला, "अहो, थांबा की. आवाज यूट्यूबवर पण मिळतो." चांगला माणूस आहे. पण मी कॉम्प्युटर पोटाशी धरून चालत घरी आलो. रिक्षात हादरे बसले असते.

रविवार, ९ मार्च

सांगून टाकलं.

त्याचं असं झालं की दुपारी ती खोलीकडे निघाली. मी आडवा उभा राहिलो. म्हटलं, धूळ अजून सुकायचीय. ती थांबली. "धूळ सुकायचीय?" तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शेजारच्या सीटवर बसून काढली आहेत तिने. समोरचा ब्रेक कधी चुकवणार हे तिला त्याच्या मानेवरून कळतं. अर्ध्या गावाने तिचं ओरडणं खाऊन लायसन्स काढलंय.

मग सगळं सांगितलं. ठिपका, हॉस्पिटल, मेन स्विच. मी भिंतीकडे बघत बोलत होतो. म्हटलं, आता सुटेल तोफ. सुटू दे, माझीच लायकी आहे.

ती म्हणाली, "बरं." आणि वाळलेले कपडे घडी करायला बसली.

मी म्हटलं, ताई, तुझं दोन महिन्यांचं वाचन आत अडकलंय. ती म्हणाली, "ऐकलं मी. कानाचं ऑपरेशन नाहीये." मग टॉवेल नीट चौकोनी घडी घालून म्हणाली, "नाही मिळालं तर नाही मिळालं. पाटीवर लिहून दाखवेन. तू जीव नको काढूस."

माझी बहीण. भाजी जास्त शिजली तर तीन दिवस ऐकवते. आणि आज मला वाचवायला इतकं मोठं गिळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, १० मार्च

म्हटलं, ताई, पुन्हा रेकॉर्ड करू या. फोनवर करू. आजपासून बसलीस तर निम्मं तरी होईल. ती म्हणाली, घसा दुखतोय. खरंच दुखत असणार. संध्याकाळी दूधवाल्याशी अर्धा तास भांडली आणि मग आवाज बसला.

मंगळवार, ११ मार्च

भाच्याने उपाय शोधला. पेन ड्राइव्हवर एक तिसरं घर बांधायचं. तात्पुरतं, तंबूसारखं. कॉम्प्युटर त्या तंबूतून चालू करायचा आणि तिथून ताईच्या घरात हळूच शिरायचं. काही मोडायचं नाही, काही हलवायचं नाही, सामान तेवढं बाहेर काढायचं. ऐकायला सोपं वाटलं. फोनवर सगळंच सोपं वाटतं.

माझ्या बाजूने तंबू बांधायला घेतला. पेन ड्राइव्ह घरातला जुना, सुताराने कधीतरी विसरलेला. नव्वद टक्क्यांवर थांबला. पुन्हा केला. नव्वद टक्के. सुताराचं कामही नेहमी तिथेच थांबतं.

बुधवार, १२ मार्च

नवा पेन ड्राइव्ह आणला. तंबू झाला. पण कॉम्प्युटर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, थेट कर्नलकडे जातो.

गुरुवार, १३ मार्च

चालू करताना F12 दाबायचं असतं. वेळेवर. लवकर दाबलं तर ऐकू येत नाही, उशिरा दाबलं तर ऐकून घेत नाही. मी चालू केल्या क्षणापासून टकटक दाबत राहिलो. ताई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे हळू. क्लचवर पाय ठेवून नाचतोयस." तिनेच दाबलं. एकदाच. लागलं.

तंबू उघडला. छान निळा पडदा. मी ताईकडे बघितलं तर ती निघून गेली होती.

ताईचं घर दिसतंय. बाहेरून. नाव दिसतं, आकार दिसतो. आत जायला गेलो तर म्हणे, उघडता येत नाही, आत बिघाड आहे. तरी आज पहिल्यांदा रात्री नीट जेवलो.

शुक्रवार, १४ मार्च

थेरपिस्ट बाईंकडे गेलो, दोघं. बाईंनी ताईला थोडं वाचायला लावलं आणि कान देऊन ऐकलं. आवाज खरखरीत झालाय. मध्येच तुटतो. मला रोज ऐकून कळत नव्हतं, बाईंचा चेहरा बघून कळलं.

बाई म्हणाल्या, "आता नवीन काही रेकॉर्ड करू नका, घशावर ताण नको. आणि आत्ताच्या आवाजाचा उपयोगही कमी. जानेवारीत सुरुवात केलीत ते उत्तम केलंत. तेव्हाचं सगळं आहे ना जपून?"

मी तोंड उघडलं. ताईच म्हणाली, "आहे की. घरी आहे सगळं."

सरळ डोळ्यांत बघून म्हणाली. माझी लाज राखली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, ताई, खोटं कशाला बोललीस? ती म्हणाली, "खोटं काय त्यात? घरीच आहे ना." आणि बसस्टॉपवर एका माणसाने गाडी वाकडी लावली होती त्याला बोलायला गेली. घशावर ताण नको म्हणून मी तिला हात धरून ओढत आणलं. तो माणूस मला म्हणाला, "काका, बोलू द्या त्यांना, मी त्यांच्याकडेच शिकलोय."

म्हणजे आता दुसरा रस्ता नाही. आत आहे तेच. ते मिळालं तर ताई बोलणार, नाही मिळालं तर पाटी.

रविवार, १६ मार्च

आज दुरुस्ती. भाचा फोनवर, मी कीबोर्डवर. त्याने एक आज्ञा एकेक अक्षर सांगून लिहून घेतली. मध्ये जागा सोडायची कुठे, ते दोनदा. एक आकडा चुकला तर माझी बाजू जाईल, असं म्हणाला. मी म्हटलं, जाऊ दे. तो म्हणाला, "मामा, हिरोगिरी नको, नीट वाच." वाचलं. बरोबर होतं. एंटर दाबलं.

मग ते विचारायला लागलं. अमुक तुटलंय, दुरुस्त करू? हो की नाही. तमुक हरवलंय, पुसू? हो की नाही. भाचा म्हणाला, हो म्हण. सगळ्याला हो. मी विचारलं, "'पुसू?' ला पण हो?" त्याने ती ओळ परत वाचायला लावली. म्हणाला, "हो."

मी y दाबत राहिलो. प्रत्येक y बरोबर वाटायचं, हे तिचं कुठलं वाक्य गेलं. वाक्यंही कसली! थेरपिस्ट बाईंनी दिलेली, सगळे ध्वनी यावेत म्हणून जुळवलेली. "निळ्या घड्याळाखाली म्हातारा उंट झोपला." "छत्रीवाल्या ठेकेदाराला ढगांचा झगा आवडत नाही." ताई यादी बघून म्हणाली होती, ही वाक्यं मी जिवंतपणी कुणाला ऐकवणार नाही. मला तो उंट आज जिवाभावाचा वाटला. उंट जाऊ नये, एवढंच मनात.

बोटाला रग लागली तेव्हा संपलं. भाचा म्हणाला, आज उघडू नकोस, नीट बंद कर, मला आता बाहेर जायचंय, परवा दोघं मिळून बघू. मी म्हटलं, परवापर्यंत मी जगतो का बघ. तरी उघडलं नाही. या वेळी ऐकलं.

मंगळवार, १८ मार्च

उघडलं.

सगळं आहे. ताईचं फोल्डर, आत महिन्याचं फोल्डर, आत दिवसाचं, आत फाइल. क्रमाने. एकही नंबर गळलेला नाही. प्रत्येक फाइलचा आकार बघितला — एवढ्या वेळाच्या रेकॉर्डिंगचा जेवढा असायला हवा तेवढा, भाच्याने हिशेब सांगितला होता त्याप्रमाणे. सगळ्या भरलेल्या. रिकामी एक नाही.

ऐकली नाही. तंबूत आवाजाची सोय लागत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ऐकवलं नसतं. ताई पलीकडच्या खोलीत ओरडतेय तोवर तिचा साठवलेला आवाज कशाला ऐकायचा? आमच्या धंद्यात माप जुळलं की काम झालं. दोन पेन ड्राइव्हवर घेतल्या. एक कपाटात, एक खिशात.

धावत जाऊन ताईला सांगितलं. ती नखं कापत होती. "मिळालं? सगळं?" मी म्हटलं, सगळं, एकूण एक. ती म्हणाली, "तू पण ना. चिकट आहेस." मग खूप वेळ नेलकटर हातात धरून बसली. आनंदाने माणसं गप्प होतात, आमच्या घरी पहिल्यांदा बघितलं.

गुरुवार, २० मार्च

भाचा ऑपरेशनला येतो म्हणत होता. ताईने त्याला नको सांगितलं. "आत्ता येऊन काय करशील, मी बेशुद्ध असणार. नंतर ये, तेव्हा घरात बोलायला कुणीतरी लागेल. हा मामा तुझा कपाटांशी बोलतो." एप्रिलच्या मध्यात येईल. सुताराला सांगून टाकलं, महिनाभर मी नाही. तो म्हणाला, "मग ओट्याचं माप?" मी म्हटलं, तूच घे, एकदा तरी.

रविवार, २३ मार्च

ताई दिवसभर बोलली. डॉक्टर नको म्हणाले होते. मी एकदाच आठवण केली, तर म्हणाली, "उद्यापासून गप्पच बसायचंय. आज मध्ये पडू नकोस."

सकाळपासून फोन. जुने शिकाऊ, मावसबहिणी, ड्रायव्हिंग स्कूलचा मालक. प्रत्येकाला काही ना काही ऐकवलं. मालकाला म्हणाली, त्या लाल गाडीचे ब्रेक आता तरी बदल. मावसबहिणीला तिच्या सुनेवरून. भाच्याशी बराच वेळ, दार लावून. मग मला बसवलं आणि सांगत गेली — गॅसचं पुस्तक कुठे, मोलकरणीला कुठली साडी द्यायची, हॉस्पिटलात तिला बघायला कुणाकुणाला येऊ द्यायचं नाही. आवाज फाटत होता तरी थांबेना. शेवटी नुसती कुजबूज उरली, त्या कुजबुजीतही मला म्हणाली, शर्टाचं बटण तुटलंय, हॉस्पिटलात असा येऊ नकोस.

मला रडू आलं. उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडला. बाहेर आल्यावर म्हटलं, ताई, काळजी करू नकोस, तुझा आवाज माझ्या खिशात आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी म्हणणार होती. मग नुसता माझा हात थोपटला.

सोमवार, २४ मार्च

ऑपरेशन झालं. सगळं नीट निघालं, डॉक्टर म्हणाले. निघालं हाच शब्द त्यांनी वापरला.

शुक्रवार, २८ मार्च

ताई उठून बसते. पाटी आणून दिली, पांढरी, पुसता येणारी. पहिलं वाक्य लिहिलं — "बटण लावलंस का?" लावलं होतं. दाखवलं.

रागावली की पेन इतकं दाबते की किरकिर होते. नर्स घाबरून आत येते.

बुधवार, २ एप्रिल

घरी आणलं. पेन ड्राइव्ह थेरपिस्ट बाईंकडे देऊन आलो. ताईला सांगितलं, आता थोडेच दिवस, मग तू बोलशील. तिने पाटी उचलली, पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

घरात फार शांत आहे. मी मुद्दाम कपबशी आपटतो.

शनिवार, ५ एप्रिल

सकाळी थेरपिस्ट बाईंचा फोन. "अहो, तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये आवाज नाहीये."

"असं कसं? फाइल आहेत. मी मोजल्यात."

"फाइल आहेत. मी चार-पाच ऐकल्या. त्यात कुणी बोललेलं नाही."

आधी वाटलं मीच केलं, ते y दाबताना. मग दुसरा पेन ड्राइव्ह काढला, माझ्या बाजूला लावला आणि पहिल्यांदा एक फाइल ऐकली. पंखा. खुर्चीचा करकर. खाली रस्त्यावर कुणाचा तरी हॉर्न. कुणीतरी श्वास घेतंय. वाक्याला लागतो तेवढा वेळ — आणि फाइल संपली. दुसरी. पंखा. काहीही बिघडलेलं नव्हतं. जसं रेकॉर्ड झालं तसं जपून ठेवलं होतं.

ताईसमोर जाऊन उभा राहिलो. तिला बघितल्याबरोबर कळलं. तिने पाटी आधीच घेतली होती. लिहिलं, पुसलं, लिहिलं.

"समोर कुणी नाही. उंट झोपला म्हणून कुणाला सांगू? तोंडच उघडेना. रोज बसले. रोज वाटायचं उद्या वाचू."

पुसलं.

"तुझा कॉम्प्युटर बिघडला तेव्हा वाटलं सुटले. मग तू इतकी खटपट करायला लागलास. सांगायचा धीर झाला नाही."

मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. महिनाभर मरमर केली ती पंख्यासाठी? एक वाक्य वाचायला काय झालं होतं, एक? ती ऐकत बसली. उलट एक शब्द नाही. मग लक्षात आलं, आता असंच. मी काहीही बोललो तरी उलट शब्द येणार नाही. तिथेच जमिनीवर बसलो. तिने पाटी बाजूला ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुसरीकडे कुठे काही मिळतं का म्हणून भाच्याने शोधलं. लग्नाच्या व्हिडिओत बँड वाजतोय. फोनवर निरोप तिने कधी रेकॉर्ड केलेला नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

तीन दिवस बसून सगळ्या फाइल ऐकल्या. सगळ्या. पंखा. पंखा. पंखा. मग दारावर थाप आणि लांबून मी — "ताई, झालं का? मला माझी बाजू हवीय, सुतार थांबलाय!" आणि अगदी माइकला लागून, खणखणीत, जानेवारीतला, न फाटलेला — "थांब रे जरा! जीव चाललाय का सुताराचा? काम चालू आहे ना माझं!" जवळजवळ रोज मी थाप मारलेली आहे. कधी दोनदा. आणि एकदाही तिने मला गप्प राहून सोडलेलं नाही.

थेरपिस्ट बाईंना नेऊन ऐकवलं. त्या म्हणाल्या, थोडं आहे, पण एवढ्यावर आवाज बनेल. फक्त तो काहीही बोलला तरी चिडलेलाच वाटेल, चालेल का?

मी म्हटलं, मग तो तिचाच आहे.